अण्णांचे चित्र तपासताना

मुलुंड,
रविवार, १९ मे १९५७

चि. विद्याधर यास ताईचे आशीर्वाद. (पूर्वी मी 'अनेक' लिहीत असे. ज्याचे माप सांगता येत नाही ते कागदावर घालायचे नाही अशी सवय ऑफिसात लागली, तेव्हा यापुढे नुसते आशीर्वाद.) तुझी प्रकृती ठीक आहे असे धरून चालते, कारण तुझ्या चिठ्ठीत तिचा उल्लेख नाही. आमच्या प्रकृतीची चौकशीही नाही, म्हणजे ती ठीक आहे असे तूही धरून चालला आहेस. तरी कळवते. अण्णांचे गुडघे तसेच आहेत. मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत. हातातली वाटी दिसते, पण दारातला माणूस म्हणजे नुसता आकार. आवाजावर परिणाम नाही. मी बरी आहे.

तुझी चिठ्ठी आज सकाळी रामचंद्राने आणून दिली. तिच्यातला मजकूर मला समजला तसा पुन्हा लिहिते, म्हणजे चूक असल्यास कळेल. घाटकोपरच्या चंद्रप्रकाश शेटनी नवा बंगला बांधला आहे. दिवाणखान्यात वडिलांची तसबीर लावायची आहे, पण वडिलांचा एकही फोटो नाही. प्रदर्शनात तू काढलेले अण्णांचे चित्र पाहून शेटना भरून आले आणि हेच आपले वडील असे वाटू लागले. तेव्हा मी अण्णांना भिंतीवरून काढून रामचंद्राच्या लॉरीत चढवावे, म्हणजे ते परस्पर घाटकोपरला जाऊन शेटचे वडील होतील. रामचंद्र सुके बोंबील बाजारात उतरवायला गेला आहे आणि चार वाजता येतो म्हणाला आहे. तोवर मला वेळ आहे. अण्णा झोपले आहेत. चित्र या घरी आल्यापासून काय काय झाले ते तू विचारलेले नाहीस, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट वासाची. प्रदर्शन संपल्यावर बक्षीस मिळालेले चित्र कसे पाठवावे याचा विचार तू केला असशील, असे मला वाटले होते. वर्सोव्याला ज्यांच्या खोलीत तू भाड्याने राहतोस त्या सोनूबाई आणि त्यांचा दीर रामचंद्र यांच्या लॉरीतून, बोंबलांच्या ढिगावर, जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळून ते येईल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ज्या माणसाने आयुष्यात एकदा इराण्याकडे आम्लेटचा वास आला म्हणून चहा अर्धा टाकला, तो माणूस दारात उतरला तेव्हा गल्लीतली सगळी मांजरे त्याच्यामागून आली. मी चौकट साबणाने, मग सोड्याने आणि शेवटी लिंबाच्या सालींनी पुसली. (रंगाला पाणी लागू दिले नाही. एवढे मला कळते.) तरी दमट दिवशी अजून वास सुटतो आणि अण्णा मला विचारतात, "शेजारी कोण राहायला आलंय?"

सोनूबाई स्वतः चित्राबरोबर आल्या होत्या, ते बरे झाले. कमरेवर हात ठेवून त्यांनी एकदा चित्राकडे पाहिले, एकदा खुर्चीतल्या अण्णांकडे, पुन्हा चित्राकडे. मग मला बाजूला घेऊन, पण अण्णांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "यो तुजा बापूस? चित्रानचा मानूस वेगलाच हाय गो." चित्रावर आजवर जे जे छापून आले त्या सगळ्यात मला हेच मत नेमके वाटते. अण्णांनी त्यांना पाणीही विचारू दिले नाही. मी विचारले.

दुसरी गोष्ट भिंतीची. आपल्या बाहेरच्या खोलीला टांगण्याजोगी भिंत एकच, आणि तिच्यावर आईचा फोटो होता. अण्णा म्हणाले, "तो आत लाव. स्वयंपाकघरात तिला बरं वाटेल." मी स्पिरिट लेव्हल लावून खिळे ठोकले, अण्णांनी खुर्चीत बसून डावी बाजू वर, उजवी बाजू खाली असे सांगितले, आणि बुडबुडा मधोमध असताना त्यांना चित्र कलले वाटले म्हणून ते आता खरोखर थोडे कललेले आहे. आई चुलीवरच्या फळीशेजारी आहे. हयात असताना जिथे होती त्यापासून हातभर अंतरावर. चंदनाचा हार धुराने काळा पडेल म्हणून मी काढून ठेवला आहे. तू आईच्या तेराव्याला, इतक्या वर्षांनी, या घरात पाऊल टाकलेस आणि अण्णांच्या तोंडाकडे बघत बसलास. मला वाटले, दुःखाने. नंतर समजले की तू उजेड कुठून पडतो ते बघत होतास. आईचे चित्र काढावे असे तुला का सुचले नाही, हे विचारणार नाही. तिचा चेहरा उजेडात फारसा नसे.

मग दिवाळीनंतर तुझे रविवार सुरू झाले. पहिल्याच दिवशी तू म्हणालास, "ताई, खोलीत कोणी असलं की चेहरा बदलतो. तू जरा आत बस." मी जरा आत बसले ते चित्र पुरे होईपर्यंत. मधला पडदा तू स्वतः ओढलास. पडद्यापलीकडून मला तारपीनचा वास आणि अण्णांचे हसणे येई. (अण्णा हसतात हे मला पडद्याआडून समजले. आधी वाटले ठसका लागला, म्हणून मी पाणी घेऊन निघाले होते.) चहा पडद्याच्या फटीतून द्यायचा, रिकामी कपबशी फटीतून घ्यायची. एखाद्या कैद्याला देतात तसा. फक्त आत बसलेली मी होते.

तिसरी गोष्ट वर्तमानपत्रांची. 'पित्याच्या नजरेतील वात्सल्य कॅनव्हासवर ओसंडते' हे कात्रण अण्णांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. त्याच मुलाखतीत तू सांगितले आहेस की लहानपणी वडिलांनी तुझी रंगाची पेटी विहिरीत टाकली आणि विहिरीचे पाणी निळे झाले, आणि त्या निळ्याचा शोध तू अजून घेतो आहेस. पाणी निळे झाले नव्हते. त्या दिवशी आणि नंतर रोज मीच काढत होते, मला ठाऊक आहे. पेटी मात्र टाकली होती. तू घर सोडून गेलास तेही खरे. पण तू गेल्यावर अण्णांचा ड्रॉइंग बोर्ड मोकळा राहिला आणि त्यावर मी बसू लागले, हे तू सांगितले नाहीस, कारण तुला ते माहीत नसावे. अण्णांनी मला शिकवले नाही. येता-जाता चुका काढल्या. तेवढ्यावर शिकले, परीक्षा दिली, पंपांच्या कारखान्यात लागले. आता दुसऱ्यांच्या चुका मी काढते आणि त्याबद्दल मला पगार मिळतो.

कात्रण वाचल्यापासून अण्णा चित्रासारखे बसू लागले. चित्रात तू त्यांच्या खांद्यावर ती तपकिरी शाल घातली आहेस. (ती तुझी, वर्सोव्याहून आणलेली, आपल्या घरात शाल कधी नव्हती.) अण्णांनी तशीच हवी म्हणून हट्ट धरला, मी आणली, आणि या मे महिन्यात, घरात उभे राहवत नाही अशा उकाड्यात, ते ती पांघरून चित्राखाली बसतात. घामोळे आले आहे. तुझ्या कलामंडळातली मंडळी येतात तेव्हा मान किंचित कलती करतात, 'या, बाळांनो,' म्हणतात. एका मुलीने त्यांना वाकून नमस्कार केला तर तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी आतून ट्रे घेऊन येत होते, बशा वाजल्या. मंडळी फाटकाबाहेर गेली की मान सरळ होते. "चहा गार दिलास. आणि ती खुर्ची घासत नेऊ नकोस, फरशीला चरे पडतात."

आता मधुकरराव गुप्त्यांचे सांगते. अण्णांबरोबर त्यांनी वीस वर्षे एका ड्रॉइंग ऑफिसात काढली, पण निवृत्तीनंतर ठाण्याला राहायला गेले, त्यामुळे भेट नव्हती. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी कामावरून येऊन दार उघडते आहे तोच ते आले. दारातूनच त्यांना समोरच्या भिंतीवर अण्णा दिसले, ज्या भिंतीवर आपल्याकडे कोणाला लावतात ते ठाऊक आहे. खाली खुर्ची रिकामी होती, तिच्यावर शाल घडी करून ठेवलेली. मधुकररावांनी वहाणा काढल्या, टोपी काढली, चित्रापुढे उभे राहून हात जोडले आणि डोळे मिटले. अण्णा मोरीत पाय धूत होते.

चूक लगेच दुरुस्त करावी हे मला कळते. पण हात जोडलेल्या माणसाला मध्येच कसे थांबवायचे ते कळेना. डोळे मिटलेले असतानाच ते बोलू लागले. "फार मोठा माणूस. कडक वाटायचा, पण आतून नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की विद्याधर सुरू. पोराचा हात बघा, गुप्ते, रेघ बघा. त्यानं फाडून टाकलेली चित्रं चिकटवून खिशात घेऊन यायचे, घडीवर विरलेली. आम्ही चेष्टा करायचो." मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिले. "तुम्ही सूनबाई ना?"

मी काही म्हणण्याआधी मोरीचे दार वाजले आणि अण्णा पाय पुसत बाहेर आले. "कोण? गुप्ते?"

मधुकरराव मटकन शालीवर बसले. मी त्यांना गूळ-पाणी दिले, वारा घातला. जरा वेळाने दोघेही हसायला लागले आणि अण्णांनी सगळा प्रसंग पुन्हा वर्णन करायला लावला, विशेषतः मोठा माणूस हा भाग. माझी ओळख राहिलीच होती, ती त्यांनी निघताना करून दिली. "ही सुनंदा. घरचं सगळं हीच बघते." मी तेव्हा कामावरून आलेली, बोटांना शाई, काखेत गुंडाळलेले ट्रेसिंग. वीस वर्षे एका टेबलावर जेवलेल्या माणसाला, मित्राला मुलगीही आहे हे ज्या चित्रामुळे समजले त्याला मी वाईट म्हणत नाही. त्याने निदान ते काम केले.

एवढे झाल्यावर मी चित्र तपासायला घेतले. आमच्याकडे पद्धत अशी आहे की, ज्याने ड्रॉइंग काढले त्याने ते तपासायचे नाही. दुसरा माणूस प्रत्येक माप पाहतो, बरोबर असेल तिथे लाल पेन्सिलीने टिंब देतो, चूक असेल तिथे गोल करतो, आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'काढले' या चौकटीशेजारी 'तपासले' अशी चौकट असते तिच्यात सही करतो. ती सही झाल्याशिवाय कागद कारखान्यात जात नाही. चित्रावर ट्रेसिंग कागद टाचण्यांनी लावला (चौकटीला, कॅनव्हासला नव्हे) आणि खाली बसलेल्या मूळ वस्तूशी ताडून पाहिले. वस्तू म्हणाली, "काय चाललंय?" मी म्हटले, "धूळ पुसते आहे."

गोल पुष्कळ झाले. चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे, तू अख्खी दाखवली आहेस. खुर्चीच्या पाठीचा वेत तुटला आहे, तिथे तू सावली टाकून पळ काढला आहेस. हनुवटीवरचा चामखीळ नाही. उजव्या मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा आहे, तो नाही; हात एखाद्या कीर्तनकाराचे वाटतात. आणि मागच्या खिडकीतून तू खाडी दाखवली आहेस, शिडासकट. आपल्या खिडकीतून कोळशाची वखार दिसते. मुलुंडला इतकी वर्षे राहून मला कधी शीड दिसले नाही. तू वर्सोव्याला बसून वडिलांना आपल्याकडे नेलेस, इतकाच त्याचा अर्थ मी काढते. प्रेम माणसावर असेल तर त्याचा चामखीळ कोठे आहे हे आठवते. मी रोज त्यांची दाढी करते, मला वस्तरा तिथे उचलावा लागतो.

फक्त डोळे राहिले. तिथे मला टिंबही देता येईना आणि गोलही करता येईना. चित्रातले अण्णा जसे बघतात तसे बघताना मी त्यांना कधी पाहिलेले नाही, आणि जे पाहिलेले नाही त्याच्याशी ताडायचे कसे? चूक आहे असे म्हणावे तर पुरावा नाही. बरोबर म्हणावे तर तोही नाही. सही न करता कागद गुंडाळून ठेवला.

तेव्हा सगळा विचार करता चित्र गेलेले बरे. शेटना फोटो नसलेल्या वडिलांच्या जागी एक चामखीळ नसलेले वडील मिळतील, अण्णांचे घामोळे जाईल, आई बाहेर येईल, मांजरेही घाटकोपरला जातील. अण्णांना मी अजून सांगितलेले नाही. ते चित्राखालीच घोरताहेत, काढताना जागे झाले तर बोलणे मला ऐकावे लागेल, त्याची सवय आहे. शिडाचे कापड मी धुऊन, उन्हात वाळवून तयार ठेवले आहे. चार वाजायला थोडा अवकाश आहे. सोनूबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या मताबद्दल आभार मान. जेवणाची हेळसांड करू नकोस. चित्रकाराने उपाशी राहण्यात काही विशेष आहे असे मला वाटत नाही.

तुझी,
ताई

ता. क. – डोळ्यांबद्दल एक राहिले. मागच्या रविवारी दुपारी अण्णा असेच खुर्चीत डुलकी घेत होते. बाहेरच्या दाराजवळ फरशीवर तुझ्या रंगाचे ठिपके अजून आहेत, पिवळे आणि निळे. मी घासून पाहिले, जात नाहीत. त्यावरून तुझे स्टूल कुठे होते ते नक्की ठरवता येते. तिथे स्टूल ठेवून मी बसले. तपासणी जिथून वस्तू पाहिली तिथूनच व्हायला हवी, एवढाच हेतू होता. दार उघडे होते, उजेड माझ्या पाठीमागून. स्टूल करकरले, अण्णांनी डोळे उघडले आणि दाराकडचा आकार पाहिला. म्हणाले, "विद्या? आलास होय रे?"

नजर चित्रातलीच होती. हुबेहूब. डाव्या पापणीखाली जी बारीक सुरकुती पडते तीही तू बरोबर धरली आहेस. मला ती ठाऊक नव्हती.

मी हलले नाही. पण पंख्याच्या वाऱ्याने पदर उडाला, तो सारखा करताना बांगडी वाजली आणि त्यांना कळले. "तू होय," म्हणाले. "चहा ठेव."

तेव्हा दोन्ही डोळ्यांवर लाल टिंब दिले, खाली सही केली. तू मनाने काही घातलेले नाहीस. समोर होते ते काढलेस. ट्रेसिंग सोबत पाठवते आहे.

ता. क. दुसरा – चित्र न्यायला तू स्वतः यावेस असे मला वाटते. रविवारी दुपारी ये, उजेड तोच असतो. रंग आणायचे नाहीत. नुसता स्टुलावर बस आणि त्यांच्याशी बोल. मी तुझ्या मागे उभी राहीन, तुझ्या डोक्यावरून त्यांची नजर मला दिसेल अशी. काही बोलणार नाही. या खेपेला मला आत पाठवायचे नाही. अर्धा तास पुरे. त्यानंतर चित्राचे काय करायचे ते ठरवू. मोतीबिंदू पिकायच्या आत ये असे मी लिहिणार होते, पण आकार दिसतो तोवर चालेल.

ता. क. तिसरा – रामचंद्र आला. त्याच्याबरोबर हे पत्र, ट्रेसिंग आणि शिडाचे कापड पाठवते आहे. कापडाला आता वास नाही. त्याने दोनदा उलगडून पाहिले, तू पाहू नकोस; आत काही नाही. चंद्रप्रकाश शेटना सांग, वडील दुसरीकडे बघा.